सुकाणूच्या मागच्या धारेला एक सूत बाक आलाय. उकलू की तसंच बसवू?

गॅरेजकर | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी ओहायोत कोलंबसला राहतो, मूळचा इचलकरंजीचा. वर्षभरापासून गॅरेजमध्ये आरव्ही-७ बांधतोय. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमचं, शेपटीला चाक असलेलं विमान. व्हॅन्स कंपनीकडून भोकं पाडलेले पत्रे आणि नकाशे येतात. कापणं, घासणं, जोडणं सगळं आपल्या हातचं. बहुतेक लोक शेपटीपासून सुरुवात करतात, कारण चुकलं तर तिथे नुकसान कमी. आडवा स्टॅबिलायझर झाला, उभा फिन झाला, आता सुकाणू म्हणजे रडर चालू आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: सुकाणू म्हणजे पुढे एक उभा स्पार (कणाच म्हणा), दोन्ही बाजूंनी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रे, आणि पत्रा फडफडू नये म्हणून आतून रिवेट केलेले स्टिफनर. मागे दोन्ही पत्रे जिथे मिळतात तिथे मध्ये ॲल्युमिनियमची लांब पाचर असते, आणि आरपार रिवेट मारून ती धार बंद करायची. दोन्हीकडून रिवेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसलं पाहिजे.

काल ती धार पूर्ण केली. आज वरपासून खालपर्यंत दोरा ताणून बघितला, तर मधोमध डावीकडे बाक. फीलर गेजने मोजला, ३.२ मिलिमीटर. पुस्तिकेतली मर्यादा इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरसाठी दोन महिन्यांचं काम उकलायचं का? की बसवून पुढे जायचं? स्पष्ट मतं हवी आहेत.

उनाडपक्षी | शनिवार, रात्री १०:४८

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, हे ऐकलं होतं. विमानाचंही तसंच असतं हे आज कळलं :)

गंमत सोडा, काम भारी आहे. फोटो टाका.

लंडनकर | रविवार, पहाटे ३:२०

अभिनंदन गॅरेजकर, इथवर पोचणंही सोपं नाही. माझं आरव्ही-७ सहा वर्षं उडतंय. इथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक टप्प्याटप्प्याला येऊन काम बघतात आणि पत्रा बंद करण्याआधी सही करतात.

माझ्या धारेला साधारण दोन मिलिमीटर बाक होता, मर्यादेच्या आत. निरीक्षकाने हरकत घेतली नाही. उडायला लागल्यावर सरळ उड्डाणात बॉल (विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी समोरच्या फलकावरची गोळी) अर्धा बाहेर राहायचा आणि एक पाय सतत किंचित दाबून धरावा लागायचा. शेवटी सुकाणूच्या धारेवर छोटी पाचर टेपने चिकटवली, दर फेरीनंतर थोडी थोडी कापत गेलो आणि बॉल मध्यात आला तेव्हा कायमची बसवली. हे खूप जण करतात, बाक नसलेलेही करतात. माझं मत: पाऊण मिलिमीटरसाठी उकलू नका. पातळ पत्र्यातले रिवेट काढताना भोकं मोठी होतात आणि रोगापेक्षा उपचार महागात पडतो.

पत्रेवाले | रविवार, सकाळी ७:०५

मी विमानातला नाही. दापोडीला एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिबीट (आम्ही रिबीटच म्हणायचो) यातच आयुष्य गेलं. म्हणून विचारतो, राग मानू नका. रिबीट मारायला सुरुवात कुठून केलीत? एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने मारत गेलात का?

३.२ मिलिमीटर म्हणजे आमच्या भाषेत एक सूत. एका सुताचा बाक चुकून येत नाही. पत्रा कुठेतरी ढकलला गेलेला असतो.

गॅरेजकर | रविवार, सकाळी ७:५०

पत्रेवाले काका, राग कसला. हो, खालून सुरुवात करून ओळीने वर गेलो. पुस्तिकेत एकाआड अंतर ठेवून मारा असं लिहिलेलं आहे, पण पहिले आठ-दहा छान बसले म्हणून हात थांबला नाही. आणि पाचरीला सीलंट लावून दोन-तीन दिवस ठेवायला सांगितलंय, ते मी वाळायच्या आतच सुरू केलं. शनिवारची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून.

पत्रेवाले | रविवार, सकाळी ८:३०

मग कारण सापडलं. रिबीटचं शेपूट दाबलं की ते भोकात फुगतं आणि भोवतीचा पत्रा केसभर बाहेर सारतं. एका रिबीटचं काही कळत नाही. पण शंभर रिबीट एकाच दिशेने मारत गेलं की प्रत्येकाचा केसभर पुढच्याकडे ढकलला जातो. त्यात तुमच्याकडे दोन पत्रे. एक बाजू जास्त ठोकली गेली की ती लांबते, आणि लांबलेली बाजू बाहेर फुगते. त्याचाच बाक.

आमच्याकडे लांब पट्टी लावायची तर आधी दोन टोकं, मग मध्य, मग त्या दोन भागांचे मध्य, असं भरत यायचं. आणि ज्याच्यावर बसवायचं ते हलता कामा नये. तुम्ही धार कशाला धरून मारली? मोकळीच होती का टेबलावर?

नीलाक्षी | रविवार, सकाळी ११:१०

मी बंगळुरूत विमानांच्या संरचनांवर काम करते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया, नाहीतर घाबरगुंडी होईल.

पहिली, बाकामुळे काय होतं? मागची धार एका बाजूला कललेली असली की सगळं सुकाणू किंचित वळवून ठेवल्यासारखं वागतं. धारेचा थोडासा भागही बराच परिणाम करतो, कारण तो बिजागरीपासून सर्वांत लांब असतो आणि तरफ मोठी मिळते. म्हणूनच लंडनकरांची चिमुकली पाचर काम करते. तेव्हा बाक म्हणजे नको असलेली, कायमची ट्रिम, म्हणजे एका बाजूला सततची ओढ.

दुसरी, फ्लटर. हवेच्या वेगाबरोबर सुकाणू स्वतःहून थरथरायला लागणं आणि प्रत्येक हेलकाव्याला हवेतून आणखी ऊर्जा खेचणं. हे सुरू झालं तर काही सेकंदांत शेपूट तुटू शकतं. त्याचा संबंध बाकापेक्षा तोलाशी आणि बिजागरीच्या ढिलेपणाशी जास्त. सुकाणूच्या वरच्या पुढे आलेल्या भागात शिशाचं वजन असतं ते याच कारणासाठी: वजन बिजागरीच्या पुढे आणायचं. म्हणून मागच्या बाजूला सीलंट, फिलर, रंगाचे थर उगाच वाढवायचे नाहीत. रंगानंतर तोल पुन्हा बघायचा.

आणि आरव्ही-७ची ताशी २३० मैलांची मर्यादा आहे ना, ती खऱ्या वेगाची आहे, काट्यावर दिसणाऱ्या नाही. उंचीवर काटा कमी दाखवतो आणि माणूस मर्यादेच्या पुढे जाऊन बसतो. हे धाग्याच्या विषयाबाहेरचं आहे, पण आरव्ही बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

चौकस | रविवार, दुपारी १:२५

माझा बाळबोध प्रश्न. होडी सुकाणूने वळते, तसंच विमान या सुकाणूने वळतं ना? मग ते थोडं वाकडं असेल तर विमान गोल गोल फिरणार नाही का?

नीलाक्षी | रविवार, दुपारी २:००

चांगला प्रश्न आहे, पण विमान सुकाणूने वळत नाही. ते पंख कलवून वळतं. पंख कलले की वर उचलणारं बल तिरकं होतं आणि विमानाला आत ओढतं. पण कलवताना वर जाणाऱ्या पंखावर हवेचा विरोध जास्त होतो आणि नाक उलट्या बाजूला खेचलं जातं. ते सावरायला सुकाणू.

राइट बंधूंनाही हे लगेच उमगलं नव्हतं. त्यांच्या १९०१च्या ग्लायडरला शेपूटच नव्हतं. १९०२ला त्यांनी मागे दोन स्थिर उभे पंखे लावले, तर कधी कधी कललेलं ग्लायडर खालच्या पंखावर घसरत जाऊन वाळूत गिरक्या घ्यायला लागलं. मग त्यांनी दोनाऐवजी एकच हलणारं सुकाणू लावलं आणि पंख पिळणाऱ्या तारांना जोडून टाकलं. नियंत्रित उड्डाणाचं कोडं तिथे सुटलं. इंजिन पुढच्या वर्षी आलं.

गॅरेजकर | रविवार, दुपारी २:२०

आणि राइट बंधूंचं डेटन माझ्यापासून सव्वा तासावर आहे! मुलीला घेऊन तिथल्या संग्रहालयात तीनदा जाऊन आलो. ती आता हँगरमध्ये शिरली की आधी शेपट्या बघते.

सुनीता_ब | रविवार, दुपारी ४:४०

विषय कळला नाही पण सगळं वाचलं. एक विचारू का? घरच्यांना भीती वाटत नाही का? स्वतः ठोकून बनवलेल्या विमानात बसायचं म्हणजे... माझ्या पोटात गोळा आला.

गॅरेजकर | रविवार, संध्याकाळी ६:१५

सुनीताताई, वाटते. बायकोने पहिल्याच दिवशी एक अट घातली: कुठल्याही टप्प्यावर "चालतंय" हा शब्द वापरायचा नाही. हा धागा काढला त्याचं खरं कारण तेच आहे. काल रात्री तो शब्द माझ्या तोंडावर आला होता.

इथली पद्धत सांगतो. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असलं पाहिजे, तरच प्रायोगिक वर्गात नोंद होते. हौशी बांधणाऱ्यांची संघटना आहे, ईएए, १९५३ पासूनची. तिचे अनुभवी सल्लागार घरी येऊन काम तपासतात, फुकट. शेवटी सरकारी तपासणी. त्यानंतरही सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरलेल्या क्षेत्रातच उडवायचं, प्रवासी न घेता. घरचं कोणी शेजारी बसेल ते त्यानंतर.

कांदिवलीकर | रविवार, रात्री ८:३०

घरी विमान म्हटल्यावर कॅप्टन अमोल यादव यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या फेब्रुवारीत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) मेक इन इंडिया सप्ताहात ते ठेवलं होतं, तेव्हा मी मुलाला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा होतो. मुलाने विचारलं, "गच्चीवरून हे खाली कसं आणलं?" परवानगीसाठी त्या माणसाने जी वर्षं काढली ती वाचून थकायला होतं. २०१९ला उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२०ला धुळ्याला चाचणी झाली. इथे गॅरेजकरांना सल्लागार घरी येऊन भेटतात, तिथे एकट्याने सगळी वाट पाडायची होती.

उनाडपक्षी | रविवार, रात्री ८:५५

आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायलाही सेक्रेटरीची परवानगी लागते. विमान म्हणजे कमाल आहे.

तांडेल | रविवार, रात्री ९:४०

देवगडातून. सुकाणू हा शब्द बघून धागा उघडला आणि भलतंच निघालं, पण वाचत बसलो.

आमच्या जुन्या होडीचं सुकाणू लाकडाचं, मागच्या खांबावर लोखंडी बिजागऱ्यांत अडकवलेलं. वडील सांगायचे, फळी थोडी वाकडी चालेल, बिजागरी वाकडी चालणार नाही. फळी वाकडी असली तर हात सवयीने सांभाळून घेतो. बिजागऱ्या एका ओळीत नसल्या तर सुकाणू एका जागी जड आणि एका जागी हलकं लागतं, आणि लाटेत नेमकं जड जागी अडकतं. तुमच्या विमानाला किती बिजागऱ्या?

गॅरेजकर | रविवार, रात्री १०:२०

तीन, तांडेलदादा. स्पारमध्ये तीन रॉड-एंड बेअरिंग (एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला बोल्टसाठी भोक) आट्यांनी आत फिरवायचे, फिनच्या मागच्या स्पारवर तीन ब्रॅकेट, आणि त्यातून बोल्ट. प्रत्येक बेअरिंग किती बाहेर ठेवायचं ते इंचात दिलेलं असतं. अर्धा आटा कमीजास्त करून तिन्ही एका रेषेत आणायचे आणि चेकनटने आवळायचे. तुमच्या वडिलांचं वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवतो.

पत्रेवाले काका, तुमचा प्रश्न राहिला. धार मोकळीच होती.

पत्रेवाले | सोमवार, सकाळी ६:५०

मग उकला.

लंडनकर म्हणतात ते खोटं नाही, वाकडं सुकाणूही उडेल. पण तुमचा बाक नुसता आकाराचा नाही, पत्र्याने आत ताण धरून ठेवलाय. थंडीत-उन्हात, कंपनात तो ताण कुठेतरी वाट काढणार, बहुतेक रिबीटच्या भोकाच्या कडेला. एवढ्या पातळ पत्र्याला भोकापासून चीर पडली की ती पुढे धावते. आमच्या गाडीत असं झालं तर पत्रा खडखडायचा आणि पुढच्या फेरीला आम्ही बदलायचो. तुमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येत नाही.

लंडनकर | सोमवार, दुपारी १२:१५

काकांचा ताणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझा बाक पाचरच किंचित वाकडी आल्यामुळे होता, ठोकल्यामुळे नाही, आणि मर्यादेच्या आत होता. इथे मर्यादा ओलांडलेली आहे. मी माझं मत मागे घेतो. मात्र रिवेट काढून तेच पत्रे पुन्हा वापरू नका. नवीन पत्रे मागवा, स्पार आणि रिब (आतल्या आडव्या फासळ्या) वाचवा. पुढची गोलाई अजून वळवलेली नाही ना?

गॅरेजकर | सोमवार, रात्री ९:३०

नाही, ते नशीब. पाइपावर पत्रा गुंडाळून पुढची गोलाई करायची होती ती पुढच्या आठवड्यात. आज नवीन पत्रे, स्टिफनर आणि पाचर मागवली. मुलगी म्हणाली, जुनं सुकाणू माझ्या खोलीत टांगायचं.

गॅरेजकर | पाच आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:१०

धागा वर काढतोय, कारण उत्तर द्यायचं बाकी होतं.

या वेळी काय केलं ते सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

जाड ॲल्युमिनियमचा सरळ अँगल घेतला, आधी सरळपणा काचेवर ठेवून तपासला. पाचरीच्या भोकांशी जुळणारी भोकं त्याला पाडली. पाचरीतली भोकं पाडताना ड्रिल पत्र्याला काटकोनात न धरता सुकाणूच्या मध्यरेषेला काटकोनात धरलं. मागच्या वेळी इथेही चूक होती, काही भोकं तिरकी गेली होती. प्रत्येक भोकाची बर (कडेचा खरखरीतपणा) काढली. सीलंट अगदी पातळ लावलं, नीलाक्षीताईंचा तोलाचा मुद्दा लक्षात ठेवून. मग सगळी धार क्लेकोंनी (भोकात घालायच्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिनांनी) अँगलला आवळली आणि पूर्ण तीन दिवस हात लावला नाही. त्या तीन दिवसांत पेडलच्या केबल साफ केल्या, गॅरेज झाडलं, पण कुलूप उघडून सुकाणूला बोट लावलं नाही.

चौथ्या दिवशी काकांची पद्धत. दोन टोकं, मध्य, मग मधले मध्य. खाली पोलादी पट्टी. प्रत्येक रिवेट आधी अर्धाच दाबला, सगळी ओळ अर्धी झाल्यावर सुकाणू उलटं करून दुसऱ्या बाजूने पुरा केला. दर दहा रिवेटना दोरा. एकूण चार संध्याकाळी लागल्या, मागच्या वेळी एक लागली होती.

बाक: ०.८ मिलिमीटर. काका, पाव सूत.

नंतर गोलाई वळवली आणि काल फिनवर टांगलं. बोल्टच्या जागी आधी तीन षोडशांश इंचाच्या सळईचे तुकडे वाकवून तात्पुरत्या खिळी केल्या, म्हणजे बेअरिंग पुन्हापुन्हा काढघाल करताना बोल्टचे आटे खराब होत नाहीत. पहिल्यांदा टांगलं तेव्हा उजवीकडे मोकळं आणि डावीकडे शेवटच्या टप्प्यात जड लागलं, अगदी तांडेलदादांनी सांगितलं तसं. मधलं बेअरिंग अर्धा आटा जास्त बाहेर होतं. ते आत घेतलं आणि सुकाणू एका बोटाने इकडून तिकडे गेलं, कुठेही न अडखळता. दोन्हीकडे ३० ते ३५ अंश हवेत, कोनमापक लावून स्टॉप घासले, ३४ आणि ३४ आले. बोल्ट अजून कायमचे आवळले नाहीत. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे शेपटीचे आडवे हलते भाग) बसल्यावर त्यांच्यात आणि सुकाणूत अंतर पुरेसं राहतं का ते बघायचंय, मग २० ते २५ इंच-पाउंडावर आवळून रंगाची खूण करीन.

रात्री इचलकरंजीला व्हिडिओ कॉल केला. बाबांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबरकी केली, म्हणजे माग जुळवायचे आणि दुरुस्त करायचे. सुकाणू बघितल्यावर त्यांनी विमानाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "दोरा धरून दाखव." मुलीने एक टोक धरलं, मी एक. ते मिनिटभर कॅमेऱ्यात डोळा घालून बघत होते.

उनाडपक्षी | रविवार, दुपारी ३:४०

म्हण बदलावी लागणार. नळी नको, अँगल हवा!

सुनीता_ब | रविवार, संध्याकाळी ५:०५

आता गोळा थोडा कमी झाला.

तांडेल | रविवार, रात्री ८:२०

एक बोटाने गेलं ना, मग झालं. पण गाडी उघड्यावर उभी असताना सुकाणू बांधून ठेवत जा. आम्ही होडी किनाऱ्यावर ओढली की काढूनच ठेवतो. मोकळं सुकाणू वाऱ्याने आपटून आपटूनच बिजागरी खातं.

पत्रेवाले | सोमवार, सकाळी ६:४०

पाव सूत चांगलं आहे. दापोडीत पास केलं असतं.

तो अँगल टाकून देऊ नका. एलिव्हेटर आणि फ्लॅपची धार येईल तेव्हा तोच घ्या, पण आधी काचेवर ठेवून पुन्हा तपासा. आणि वडिलांनी दोरा बघून काय म्हटलं ते लिहायचं राहिलं.

गॅरेजकर | सोमवार, सकाळी ७:३०

"आता जेवून घे," म्हणाले.